बटाट्यांच्या चेंबरमधला सराव

२ एप्रिल, बुधवार
मुलीचा फोन. आपणहून, आणि वाढदिवस नसताना! ११ मेला इथे हाफ मॅरेथॉन आहे, ती पळायला येणार. आदल्या दिवशी मैत्रिणीकडे उतरणार, सकाळी पळणार, चारच्या गाडीनं परत. मी ताबडतोब सांगितलं की मीही पळतोय, फॉर्म केव्हाच भरलाय. ती म्हणाली, बाबा, तू? मी म्हटलं, मग काय तुझी आई?
हे बोलायला नको होतं.
फोन ठेवून फॉर्म भरला. ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ या रकान्यात कंपनीचा नंबर दिला. तिथे चोवीस तास कुणीतरी असतं.

३ एप्रिल
एकवीस किलोमीटर म्हणजे आरामात तीन तास. तीन तास ती माझ्या शेजारी! तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यानंतरच्या सात वर्षांतलं आमचं फोनवरचं सगळं बोलणं एकापुढे एक जोडलं तरी तीन तास भरायचे नाहीत. बोलायच्या विषयांची यादी करायला घेतली.
१. नोकरी.
बाकीचे उद्या.

६ एप्रिल, रविवार, सकाळी ६.१०
सराव सुरू. हवा इतकी दमट की दोरीवरचा टॉवेल रात्रभरात आणखी ओला झालाय. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत वेग उत्तम. तिथे थांबून बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची बांधली. मग पहिल्याची सोडून परत बांधली. दुकानदारानं खुर्ची बाहेर आणून दिली. अगत्यशील माणूस. येताना बसनं आलो. सरावात विश्रांतीला फार महत्त्व आहे असं वाचलंय.

९ एप्रिल
चूक सापडली. माझ्यात नाही, हवेत आहे. असल्या हवेत सराव करणं शुद्ध वेडेपणा. आणि मी चौदा वर्षं नोकरी कुठे करतो? कोल्ड स्टोरेजमध्ये! बटाट्यांचं चेंबर: चार डिग्री, दारापासून शेवटच्या रॅकपर्यंत सरळ रस्ता, ट्रॅफिक म्हणजे एक फोर्कलिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत वीस फेऱ्या मारल्या, घामाचा थेंब नाही. शिवाय अंगात थंडी साठते ती वेगळीच. महिनाभर साठवली तर शर्यतीला पुरून उरेल. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही?

१७ एप्रिल
फोर्कलिफ्टवाला (तोंडातून कायम वाफ, म्हणून त्याला सगळे इंजिन म्हणतात) मला शिकवायला आला. म्हणे, साहेब, उन्हात पळा, अंगाला घाम गाळायची सवय लागते. मी विचारलं, बटाटे कशानं टिकतात? थंडीनं ना? तो म्हणाला, टिकतात की, पण एकदम बाहेर काढले तर आधी घामेजतात, मग सडतात. आता बटाटा कुठे आणि मी कुठे!
आज तीस फेऱ्या.

२६ एप्रिल, शनिवार
कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, मशीन बदलून परत घेतलं. पळायचंच असेल तर आजपासून रोज अर्धा तास उन्हात चाला म्हणाल्या, शरीर रुळायला दोन आठवडे लागतात. दोन आठवडेच उरलेत, म्हणजे सल्ला अगदी वेळेवर मिळाला. सोमवारपासून सुरू.

२८ एप्रिल, सोमवार
ऊन फार होतं.
यादी चारपर्यंत गेली. ४. मांजरं अजून आवडतात का? चेंबरमध्ये पळता पळता मोठ्यानं म्हणून पाहिलं. इंजिननं विचारलं, साहेब, फोनवर कोण आहे? फोन बाहेर लॉकरमध्ये होता.

५ मे
नवा टॉवेल आणला. शर्यत नऊला संपणार, तिची गाडी चारला. मधल्या वेळात घरी ये, अंघोळ कर, जेव, असं विचारणार होतो. दोनदा नंबर काढला. पण तिला घाई असेल. आणि नाही म्हणाली तर? त्यापेक्षा पळता पळता सहज विषय काढू.
दोन टॉवेल दोरीवर शेजारी शेजारी घातले. घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटलं. मग फार वाईट वाटलं. एक काढून ठेवला.

११ मे, रविवार, पहाटे ५.०५
वॉचमनला उठवून पाऊण तास चेंबरमध्ये बसून आलो. दात वाजतायत. फुल चार्ज!

११ मे, दुपारी १२.४०
तपशील नीट लिहून ठेवतो.
तिनं मला गर्दीत आधी ओळखलं. मिठी मारली, आणि म्हणाली, बाबा, किती गार आहेस रे! पहिला किलोमीटर ती एकसारखी बोलत होती. नोकरी, घरमालकीण, गुडघ्याचं दुखणं. मला सगळं ऐकू येत होतं, पण उत्तराला श्वास शिल्लक नव्हता. मी नुसती मान डोलावली. घरी येण्याचं विचारायला तोंड उघडलं तर त्यातून नुसती हवा आली. दुसऱ्या किलोमीटरला ती माझ्याकडे बघायला लागली, तसं मी हातानं तिला पुढे हाकललं: तू हो पुढे, मी ताकद राखून ठेवतोय, दहाव्याला गाठतो. तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा हाकललं.
चौथ्या किलोमीटरला खाली बसलो. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं. दोघा स्वयंसेवकांनी तंबूत नेऊन आडवं केलं, डोक्यावर बर्फ ठेवला. तिथल्या डॉक्टरनं छातीवरचा शर्यतीचा नंबर काढून घेतला, म्हणजे शर्यतीतून बाद. जरा उभं राहता येतंय म्हटल्यावर मी मागच्या बाजूनं निघालो आणि बसनं घरी आलो.
फोन बंद ठेवलाय. शर्यत किती वेळात पुरी केली ते आधी नक्की ठरवायला हवं. तीन तास दहा मिनिटं पटण्यासारखं आहे.

११ मे, संध्याकाळी ५.२०
फोन चालू केला. तिचे एकोणीस मिस्ड कॉल. मी केला तेव्हा ती गाडीत होती.
दहाव्या किलोमीटरला ती माझी वाट बघत थांबली होती. मी येईना, तेव्हा उलटी फिरली. पळणाऱ्यांच्या विरुद्ध दिशेनं, प्रत्येक तंबूत विचारत. तंबूतल्यांनी सांगितलं, ते गेले. कुठे गेले, कुणाला माहीत नाही. घरी यायला तिच्याकडे पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी ही छोटी जागा घेतली ते मी तिला सांगितलंच नव्हतं. तीन वाजेपर्यंत शर्यतीच्या गेटवर उन्हात उभी होती.
तीन तास दहा मिनिटं माझ्या जिभेवर तयार होती. सांगितली नाही. घरी झोपलो होतो म्हणालो.
ती ओरडली नाही. म्हणाली, नऊला संपणाऱ्या शर्यतीसाठी मी चारच्या गाडीचं तिकीट कशाला काढलं असेल, बाबा? तू ये म्हणशील म्हणून वाट बघत होते.
मग म्हणाली, पत्ता पाठवून ठेव.
पत्ता टाइप केलाय. पाठवण्याआधी घर जरा आवरून घेतो.