नको म्हणालात ते ऑपरेशन

लातूर, रविवार

तीर्थरूप मार्तंडदादांना धाकट्या चंद्रप्रभाचा वाकून नमस्कार. (वाकलं की डोक्यावरचे टाके ओढतात, तेव्हा अर्धाच समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं पथ्य चालू आहे ना? मी मजेत. तुम्ही नको म्हणालात ते ऑपरेशन करून आले.

आता चष्मा काढा, मनसोक्त रागवा, मग पुढे वाचा.

"बाईमाणसाच्या कवटीला भोक कशाला?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. पुरुषाच्या कवटीला चालतं का, हे विचारायचं राहिलं (तोंड उघडलं होतं, ते मिटेचना). तुमच्या मते ही भूकंपाची धास्ती. दादा, भूकंप त्र्याण्णवचा आणि माझा चेहरा बिघडला आत्ता आत्ता. किल्लारीहून लातूरला यायला धास्तीला वीस वर्षं कशी लागतील? एसटीसुद्धा त्याआधी येते.

याला डिस्टोनिया म्हणतात. मेंदू चेहऱ्याच्या स्नायूंना भलतेच हुकूम सोडतो. क्लासमध्ये विद्युतधारा शिकवताना माझा डोळा गच्च मिटायचा, ओठ वाकडे व्हायचे. पोरांना वाटायचं, मॅडम परीक्षेत येणारा प्रश्न सुचवायल्यात. लगेच पुस्तकात खुणा करायची. त्यातलं काहीच आलं नाही, तेव्हा एका पालकानं माझ्यावर फसवणुकीची तक्रार केली! भाजीवाला मलप्पा तर रोज कोथिंबीर फुकट देऊ लागला. मग एक दिवस गाड्यावर त्याची बायको सिद्धम्मा बसलेली. "मास्तरीणबाई, डोळा मारायचा तर मला मारा," म्हणाली. मारला. (मारायचा नव्हता, आलाच.) तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ह्ये दुखणं हाय की वो, बाई." अख्ख्या गावात न हसलेलं ते पहिलं माणूस.

डोळ्याभोवतीची इंजेक्शनं घेतली. आधी त्यांचा गुण महिनोन्‌महिने टिकायचा, पुढे येईनासाच झाला. क्लासचे संचालक म्हणाले, "मॅडम, घरी बसून पेपर तपासा." जो डोळा उघडा होता त्यानं त्यांच्याकडे बघत मी सांगितलं, फळा माझा आहे, परत येते.

ऑपरेशनला हैदराबादला सोबत सिद्धम्मा आली. तिचं माहेर देगलूरपलीकडचं, तेलुगू फाडफाड. ऑपरेशनच्या वेळी डोकं लोखंडी कड्यात आवळलेलं आणि मी टक्क जागी. मेंदूत बारीक तारा घालून डॉक्टर वीज कमीजास्त करत होते आणि मला म्हणाले, बोलत राहा. मी ओहमचा नियम सुरू केला. पाठीमागे कुणीतरी कुजबुजलं. "कोण बोलतंय तिकडे?" मी ओरडले. सगळे चिडीचूप. तेवढ्यात जबडा जरासा सैल पडला, दादा. माझा जबडा, माझ्या ताब्यात.

पूर्ण गुण यायला काही महिने जातील म्हणतात. छातीत कातडीखाली बॅटरी आहे, तिथून कानामागून तार वर जाते. संचालकांनी विचारलं, पालकांना काय सांगू? म्हटलं, सांगा, वीज शिकवणारी बाई आता विजेवर चालते.

तेव्हा माफी वगैरे मागत नाही. चेहरा माझा, कवटी माझी.

तुमची हट्टी बहीण,
चंद्रप्रभा

ता. क. पुढच्या सोमवारी माझा पहिला तास आहे. डोळा अजून अधूनमधून मिटतो. नांदेडहून सकाळच्या गाडीनं या आणि मागच्या बाकावर बसा. मी घाबरलेली नाही.

आणखी ता. क. घाबरले आहे. नक्की या. सिद्धम्माही येणार आहे, तिच्या शेजारीच बसा. पोरं हसली तर तिला आवरायला कुणीतरी हवं.