मशीनचा दिवस

आई, आपल्या गच्चीवर पुन्हा मशीन ठेवू द्याल का, असं विचारायला मागच्या महिन्यात कंपनीचा माणूस आला होता. या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट पाहत होते की उत्तर घासूनपुसून तयार होतं. त्या उत्तराचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं आहे. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, आणि खरं म्हणजे त्याचाच मला धीर आहे. पोचलं असतं तर तू उलट काहीतरी बोलली असतीस, आणि तुझ्यापुढे वादात मी कधी टिकले नाही.

तू दिग्रसची. तुझे वडील जिनिंगच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे हंगामात घरभर उडणारी कापसाची पांढरी धूळ तुझ्या ओळखीची होती. लग्न होऊन तू जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला आलीस तेव्हा इथंही कापूसच होता. मग कोळशाची उघडी खाण झाली, आणि गावाला खेटून जाणाऱ्या रस्त्यानं दिवसरात्र कोळशाचे ट्रक धावू लागले. 'माहेरी पांढरी खाल्ली, सासरी काळी खातो,' असं तू म्हणायचीस आणि आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पायाला खरखरायची, दुधावर काळी साय यायची, आणि तुझी छाती रात्री अशी वाजायची की शेजारच्या खोलीत बाबा उठून बसायचे. बाबा शाळेवर मास्तर म्हणून गावात स्लॅबचं घर आपलं एकट्याचं. खाणीच्या कंपनीला आजूबाजूच्या गावांतली हवा मोजून दाखवावी लागते, त्यासाठी उंच आणि सपाट जागा हवी होती. बाबांनी हो म्हटलं, आणि आपल्या गच्चीवर ती मशीन आली.

काय होतं त्या मशीनमध्ये? पत्र्याची एक उभी पेटी, तिच्यावर उतरतं छप्पर, लांबून पाहिली तर शेतातलं म्हसोबाचं देऊळ वाटावं. आत पापडाएवढा पांढरा कागद आणि हवा ओढणारी मोटार. पंधरा दिवसांतून एकदा मशीनवाला स्कूटरवरून यायचा, कागद लावायचा, बटण दाबायचा. दुसऱ्या दिवशी येऊन कागद काढून न्यायचा. मशीन एक दिवस-एक रात्र घुंऽऽ करत राहायची. आणि त्या एका दिवशी काय चमत्कार व्हायचा! पहाटेच पाण्याचा टँकर यायचा आणि रस्ता असा भिजवायचा की मातीचा वास सुटावा. ट्रकवर ताडपत्र्या चढायच्या, निम्मे ट्रक तर पलीकडच्या रस्त्यानं वळवलेले असायचे. नाक्यावर बसलेल्या कंपनीच्या माणसाला आपल्या मशीनचा आवाज ऐकू जायचा. आवाज थांबला की टँकरही थांबायचा.

दुसऱ्या कुणी बोंब मारली असती. आपल्या गल्लीतल्या बायकांनी त्याचा सण केला. मशीनचा दिवस! उद्या मशीन आहे असं कळलं की आदल्या रात्रीच उडदाचं पीठ कुटलं जायचं. पापड, कुरडया, सांडया सगळं त्या दिवशी. गोधड्या त्या दिवशी धुवायच्या, बाळंतिणीनं बाळाला घेऊन अंगणात त्या दिवशी बसायचं. आणि तू रात्री गच्चीवर, त्या घुं करणाऱ्या पेटीच्या शेजारी सतरंजी टाकून झोपायचीस, कारण महिन्यातल्या त्या दोनच रात्री तुला आडवं होऊन झोप लागायची. दसऱ्याला तू विळी, शिलाई मशीन आणि बाबांच्या सायकलीबरोबर त्या मशीनलाही हळदकुंकू वाहिलंस, झेंडूचा हार घातलास. बाबा म्हणाले, "अगं, ती हवेचं माप घ्यायले आहे." तू म्हणालीस, "घेऊ द्या नं. येते तेव्हा पाणी घेऊन येते बिचारी." पुढच्या खेपेला मशीनवाला कागद हातात धरून जिना उतरला आणि म्हणाला, "काकू, हवेत कुंकू सापडलं बरं का." तो चहा पिऊन गेला. माणूस वाईट नव्हता.

एकदा तुझी रात्र फारच वाईट गेली. सकाळी बाबा शाळेत गेल्यावर तू जिन्यातलं बटण स्वतःच दाबलंस. कागद नाही, मशीनवाला नाही, नुसती मोटार फिरतेय. तासाभरात टँकर हजर! तू जिन्यात बसून तोंडाला पदर लावून हसत होतीस, आणि हसता हसता तुला खोकल्याची उबळ आली. ही बातमी गल्लीत राहती तर ती गल्ली कसली. तिसऱ्या दिवशी तांड्यावरची याडी दारात उभी. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. साऱ्या गावाची ती याडीच होती. तिचं वावर ट्रकच्या रस्त्याला लागून. बोंड फुटलं की दोन दिवसांत कापूस राखेसारखा व्हायचा.

"बाई, उद्या मशीन लावा नं. वेचणी करतो म्हणतो. काळा माल व्यापारी हातात घेत नाही."

"अवं, परवाच लावली होती. रोज रोज लावली तं मोटार जळंल."

"जळू द्या नं बाप्पा. आमचं काय कमी जळून राह्यलं?"

तू लावलीस. आणखी तीन-चारदा लावलीस. शेवटी मशीनवाल्यानं मोटार उघडली, आतले झिजलेले भाग पाहिले, तुझ्याकडे पाहिलं, आणि बटणावर एक छोटी पेटी बसवून तिला कुलूप घातलं. "काकू, माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणाला. तूही खाली मान घालून त्याला चहा दिलास.

ती वर्षं कशी होती ते आठवतं ना? कापसाचा भाव पडलेला, त्यात माल काळा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी यवतमाळचं नाव रोज पेपरात. मोठ्या शहरांतून पत्रकार यायचे, गाडीतून उतरायचे आणि कापसाबद्दलच विचारायचे. याडीनं एकाला वावरात नेलं, बोंड तोडून त्याच्या हातावर ठेवलं. त्याच्या बोटांना काळं लागलं. त्यानं रुमालानं हात पुसला आणि विचारलं, तुमच्या घरात कुणी गेलं का? याडी म्हणाली, कोणी गेलं नाही, सगळे हाय. मग तो गाडीत बसून निघून गेला. त्या काळात आपल्या जिल्ह्यात जिवंत माणसाची बातमी होत नसे. आजही मला त्या माणसाचा संताप येतो, आणि त्यानं पुसलेल्या हाताचा जास्त.

मग खाण वाढवायची ठरली. मातीचे ढिगारे नाल्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला येणार होते. त्यासाठी शाळेच्या मैदानात जनसुनावणी. मंडप, पंखे, गार पाणी, चिवड्याची पाकिटं. मी तेव्हा यवतमाळला सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मला वाटत होतं की सत्य माझ्याच खिशात आहे. उभं राहायचं आणि सांगायचं, ही मोजणी खोटी आहे, मशीन चालू असते तेवढ्याच दिवशी तुम्ही पाणी मारता. आदल्या दिवशी तू पोळ्या लाटत होतीस, मी ओट्याला टेकून तुला माझं भाषण म्हणून दाखवलं. तुझं लाटणं थांबलं नाही.

"झालं बोलून? तू बोलशील अन् संध्याकाळच्या बसनं यवतमाळले निघून जाशील. इथं राहायचं कोणाले आहे? तुझ्या खऱ्यापायी त्यांनी मशीनच उचलून नेली, तं रस्त्यावर पाणी मारायले तू येशील काय?"

"मग काय, गप्प बसू?"

"तू गप्प बस. मी बोलतो."

माझ्या तोंडावर दुसऱ्या कुणी एवढी सणसणीत चपराक मारली नाही. मी गप्प बसले. तू बोललीस. चंदेरी किनारीची ती हिरवी साडी नेसून, माईक दोन्ही हातांनी धरून, दर चार शब्दांनी थांबत. "साहेब, मशीन चालते त्या दिवशी रस्त्यावर पाणी पडते. ट्रकवर ताडपत्री असते. मले त्या रात्री झोप लागते. बाकीच्या रात्री मी बसून काढतो. माझं म्हणणं एवढंच हाय का मशीन रोज लावा. पाह्यजे तं दोन लावा, पण रोज लावा." मंडप हसला, टाळ्या पडल्या. आणि मला, आई, क्षणभर तुझा केवढा अभिमान वाटला! कुणाला खोटं न म्हणता तू सगळं सांगून टाकलं होतंस. अक्कल असलेल्या माणसाला कळायला एवढं पुरेसं होतं.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबाला अक्कल होतीच. शेवटी त्यानं सुनावणीचा सारांश मोठ्यानं वाचून दाखवला. गावातील महिलांनी कंपनीकडून होणाऱ्या हवा तपासणीबाबत समाधान व्यक्त केलं असून मशीनची संख्या वाढवण्याची मागणी केली आहे. वाचताना त्यानं तुझ्याकडे पाहून मान डोलावली. पुन्हा टाळ्या झाल्या. तूही वाजवल्यास. मी तुझ्या हातांकडे बघत होते, आणि मला ते धरून खाली ओढावेसे वाटत होते.

नवी मशीन आलीच. तुझी मागणी मान्य झाली होती ना! पण ती बसवली कंपनीच्या कॉलनीत, तिथल्या मॅनेजर साहेबांच्या बंगल्यामागं, जिथं एकही ट्रक जात नाही आणि लॉनवर दोन वेळा पाणी पडतं. उद्घाटनाला तुला बोलावलं. तू नारळ फोडलास. शाल मिळाली, अशोकाचं रोपटं मिळालं, आणि साहेब चार लोकांत म्हणाले की अशा जागरूक माताभगिनी असतील तर पर्यावरणाची काळजी नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्याच आठवड्यात मशीनवाल्यानं आपली जुनी मशीन जिन्यावरून खाली उतरवली. "जागा मी नाही ठरवली, काकू," तो म्हणाला, आणि त्या दिवशी चहा न घेताच गेला. त्यानंतर आपल्या रस्त्यावर टँकरचा एक थेंब पडला नाही.

तू दुसऱ्या उन्हाळ्यात गेलीस. कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाबांना विचारलं, चुलीवर स्वयंपाक करायच्या का? लग्न झाल्यावर काही वर्षं करायची, बाबा म्हणाले, मग गॅस आला. डॉक्टरला तेवढं पुरलं. चुलीचा धूर. म्हणजे तुला तुझ्या पोळ्यांनी मारलं! बाबा मास्तर माणूस, उलट बोलले नाहीत. मी बोलले, तेव्हा डॉक्टर म्हणाला, या गावची हवा चांगली आहे, रिपोर्ट आहेत. त्या रिपोर्टांतले निम्मे तुझ्या उशाशी तयार झाले होते.

आता मी अमरावतीला कॉलेजात शिकवते, आणि गंमत बघ, सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरण हा विषय माझ्याच गळ्यात आहे. खाणीमुळे हवा बिघडू नये म्हणून कंपन्या काय करतात, हा त्यातला हमखास येणारा प्रश्न. रस्त्यावर पाणी मारतात, ट्रक झाकतात, झाडं लावतात, हवा तपासतात. मुलं पाठ करून लिहितात आणि मी पैकीच्या पैकी देते. त्यात काही खोटं असतं तर गुण कापले असते.

तर मागच्या महिन्यात, बाबांनंतर बंद असलेलं घर झाडायला गेले होते, तेव्हा हा माणूस आला. माणूस कसला, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा पोरगाच, फार नम्र, दारात बूट काढून उभा. कॉलनीजवळ बांधकाम चाललंय, त्यामुळे मशीन हलवायची आहे, आणि गावात तुमचं घर सोयीचं पडतं. मी त्याला खुर्ची दिली आणि सुरुवात केली. जे जनसुनावणीत बोलले नाही ते सगळं. तुझी छाती, तो साहेब, ते वाचून दाखवणं, तो नारळ. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. बाहेर ओट्यावर याडी बसली होती. आता पार वाकली आहे. दोन पावलांवर थांबते, आणि तिची छातीही तुझ्यासारखीच वाजते. माझं बोलणं जरा थांबलं तशी ती आत आली, भिंतीला धरून.

"बोलून राह्यली तं बोल माय. पण त्याले नाही म्हणू नको."

"याडी, हे खोटं आहे. आईला यांनी याच खोट्यानं मारलं."

"मले माहीत नाही काय? मी तुया मायजवळ होतो, तू कॉलेजात होती." ती धापेसाठी थांबली. "तू उद्या-परवा अमरावतीले जाशील. महिन्यातून दोन दिवस मले श्वास भेटते, तं तुयं काय जाते वं?"

तुझाच आवाज, आई. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावून होते, की तू त्यांच्यापुढे हात जोडलेस, टाळ्या वाजवल्यास. मला वाटायचं, तुला त्यांचा डाव कळला नाही. तुला सगळा कळला होता. फक्त तुझ्याजवळ दुसरी हवा नव्हती आणि माझ्याजवळ होती.

मी पोराला जिन्याची किल्ली दिली. दोनच दिवसांनी त्यांनी मशीन चढवली, आणि तपासून पाहायला म्हणून पूर्ण दिवस चालवली. सकाळी टँकर आला. गल्लीतल्या बायका दारात आल्या आणि वर, गच्चीकडे बघू लागल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी तुला पाहिलेलंही नाही. मला दुपारची बस होती. ती मी सोडली आणि संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून राहिले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि कॉलेजात तर कधीच सांगणार नाही, पण त्या दिवशी मी पोटभर श्वास घेतला, आणि मला फार बरं वाटलं.