मीनाच्या मापाची अंगठी

रवि. ९ नोव्हेंबर

झाला एकदाचा साखरपुडा. राणीसावरगावात, सविताच्या दारात, शे-सव्वाशे माणसांत. छत्तिसाव्या वर्षी का होईना, झाला. नऊ वर्षं पोरी बघायलोय. मुलगा काय करतो? शेती. बरं, कळवतो. हे 'कळवतो' ऐकून ऐकून कान किटले होते. सविताच्या वडलांनी पण कळवतो म्हणलं, आणि त्या माणसानं दुसऱ्याच दिवशी खरंच कळवलं. त्यांचे उपकार फिटायचे न्हाईत.

फक्त अंगठीनं घात केला. स.च्या पेरापाशी अडकली ती अडकलीच. तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान, दिवसभर हातात कात्री, बोटं मजबूत. मी जोर लावला, तिच्या डोळ्यात पाणी आलं. कुणीतरी खोबरेल आणलं, तरी जाईना. शेवटी करंगळीत अडकवून फोटो काढला. आमच्याकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसायल्या. माय हसली न्हाई. मामाची मीना ताट धरून उभी होती, ती पार खाली बघायली होती. निघताना स.नं अंगठी माझ्या हातात दिली, वाढवून आणा म्हणली. तोंड हसरं होतं, पण...

सोम. १०

कापसाला बाया मिळेनात. मी आणि माय दोघंच वेचायलो. धरणावरची मोटार परत जळाली.

माय दिवसभर माझ्यापासून चार ओळी सोडून वेचायली. तिला काय सलतंय ते मला ठाऊक हाय. अंगठी आठ वर्षांपूर्वीची, डेअरीला दूध घालून साठवलेल्या पैशाची. सोनं महाग व्हायच्या आत सुनेची अंगठी करून ठेवावी म्हणली. आणि सून तिच्या डोक्यात ठरलेलीच होती, तिच्या भावाची मीना. पोरीला जिंतूरला नेऊन बोटाचं माप देऊन आली. भावाला विचारायचं तेवढं राहिलं. मामानं सहा महिन्यांत मीना पुण्याच्या कंपनीवाल्याला दिली, अंगठी पेटीत पडली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते आमच्याच घरावरून निघालं असंल.

पण मीनाच्या लग्नात सगळ्यात जास्त राबली ती मायच. हे पण लिहून ठेवतो.

बुध. १२

जिंतूर. सोनारकाकाकडं. काका म्हणले, ठोकून वाढवली तर पातळ पडंल. कापायची, मधी सोनं घालायचं, डाग देऊन सांधायचं, पॉलिश. अर्धा ग्रॅम तरी जाईल. मजुरी धरून सात हजाराच्या वर. अख्खी अंगठी चौदा हजारात आली होती तेव्हा! महाग व्हायच्या आत करून ठेवली त्याचं हे फळ. मायला आकडा सांगितला तर म्हणली, दोन महिन्यांचं दूध गेलं समज.

आकड्याचं काही न्हाई, ते होईल. खरी अडचण दुसरीच. काका म्हणले पेर मोठं असलं की दोऱ्याचं माप चालत न्हाई, पोरीलाच घेऊन या. आणि वर हसून म्हणले, मागच्या पोरीला आणलं होतं तसं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस स.समोर पण हेच बोलणार.

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणली, दुसरा सोनार बघ, सेलूचा बघ, पण तिच्या कानावर जाऊ देऊ नको.

"आता मोडलं तर मी परत उभी राहायची न्हाई, गजू."

गुरु. १३

वेचणी. लय विचार केला. कुणी न कुणी सांगणारच. मीनाची आईच सांगंल, तिच्या पोटात काही राहत न्हाई. मग माझ्याच तोंडून का नको? पण हात फोनकडं जाईना. स.नं हो म्हणलं तेव्हा मी विचारलं होतं, शेतकऱ्याला का हो म्हणलात? तर म्हणली, बाकीच्यांनी दुकान बंद करशील ना असं विचारलं, तुमी मशीन कुठं ठेवायची ते विचारलं. एवढ्यावर बाई हो म्हणली. अशा बाईला फसवून घरात आणायचं तर मग आधीचे कळवतो वाले काय वाईट होते.

शुक्र. १४

सांगितलं. फोनवर. सगळं सांगितलं, मीना, माप, पेटी, सगळं. मीनाचं आणि माझं कधी काही न्हवतं हे पण सांगितलं, ते खरंच हाय.  

स. म्हणली, "मीनाचं मला काही न्हाई. पण त्या दिवशी तुमच्या बाया हसल्या. का हसल्या ते मांडवात मला एकटीलाच माहीत न्हवतं."

तिनं फोन ठेवला. 

शनि. १५

फोन उचलत न्हाई. मायला सांगितलं की मी सांगितलं. जेवली न्हाई. मला म्हणली, तुझ्या जिभेला हाड न्हाई. मी पण तडकलो, म्हणलं तुला कुणी सांगितलं होतं सून ठरायच्या आत अंगठी करायला? बोललो ते चुकलंच. ती उठून म्हशीकडं गेली.

सोम. १७

काही न्हाई. कापूस घरात भरला. मोटार दुरुस्त. तिच्या वडलांचा पण फोन न्हाई. एकदा वाटतं आपणच गाडी काढून जावं. माय म्हणते, जाऊ नको, तिला तिचं ठरवू दे. माय असं म्हणंल असं वाटलं न्हवतं.

मंगळ. १८

आला फोन! चार वाक्यं. शुक्रवारी जिंतूरला येते. दुकानाला सुट्टी हाय. आत्याबाईंना घेऊन या. अंगठी विसरू नका.

मायला आत्याबाई म्हणली, सासूला म्हणतात तसं. आत्याबाई म्हणली म्हणजे मोडलं न्हाई. का मोडायच्या आधीचा मान? मायला सांगितलं तर ती शुक्रवारी नेसायचं लुगडं काढायला उठली.

शुक्र. २१

सगळं नीट लिहून ठेवतो, मागून विसरायला नको.

स. गंगाखेड, परभणी करत तीन गाड्या बदलून आली. उतरल्या उतरल्या मायच्या पाया पडली. मायनं तिचा हात धरला तो सोनाराच्या दुकानापर्यंत सोडला न्हाई. काकांनी अंगठी हातात घेतली, स.कडं बघून म्हणले, मागच्या वेळी... स. म्हणली, मीना. माहीत हाय मला. तुमी माप घ्या. काका गुमान माप घ्यायला लागले. मला तर तिथंच तिच्या पाया पडावं वाटलं.

मी पैसे काढले. स.नं हात आडवा केला. पर्समधून कागदाची पुडी काढली, त्यात सोन्याचा एक मणी. ब्लाऊजच्या पैशातून जमेल तसे एकेक घेतलेत, त्यातला. म्हणली हा वितळवून मधी घाला. मायचा चेहरा उतरला. साखरपुड्याची अंगठी पोराकडची असते, सुनेचं सोनं घेऊन अंगठी केली असं गावात झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई, असं सगळं एका दमात बोलली. सोनाराचं गिऱ्हाईक पण ऐकायलं.

स. चिडली न्हाई. मायच्या शेजारी बसली.

"आत्याबाई, त्या अंगठीत पैसा तुमचा हाय, माप मीनाचं हाय. माझं काहीच न्हाई तर ती मला येईल कशी? अर्धा ग्रॅम तरी माझं राहू द्या."

  शेवटी मायनं मणी उचलला, तळहातावर घेऊन बघितला आणि पदराच्या गाठीत बांधला. विचार करते म्हणली. अंगठी काकाकडंच ठेवली, न कापता.

मग स्टँडसमोर भजे खाल्ले तिघांनी. स.नं आपल्यातले दोन मायच्या ताटात टाकले, मायनं ते मुकाट्यानं खाल्ले. गाडीत बसताना मी स.ला विचारलं, रागावलात का अजून? म्हणली, हो, थोडी हाय. लग्नाच्या पत्रिका छापायला टाका. गाडी गेल्यावर मी मनात म्हणलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालंय माझं.

रवि. २३

 आज दुपारी हरभऱ्यात खुरपताना माय आपणहून मण्याचं बोलली. म्हणली, माझ्या अंगावर जे जे आलं ते सासूनं दिलं, न्हाईतर बापानं दिलं. माझं काय हाय त्यात, असं मला कधी विचारावं वाटलंच न्हाई. ह्या पोरीला कसं वाटलं? एवढंच. परत खुरपायला लागली.  देवानं उशिरा दिली पण कुठली सून दिली.

संध्याकाळी म्हणली, उद्या जिंतूरला जाते, एकटी जाते. मी म्हणलं, मणी काकाला देणार का परत आणणार? ती चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी वाढताना बघितलं तर कान मोकळे. कानातली फुलं तिनं काढून पदरात बांधली होती, मण्याच्याच गाठीत.

म्हणलं, माय, अर्धाच ग्रॅम सोनं लागतं.

म्हणली, "किती लागतं ते आमी सासू-सून बघू. तू जेव."