तीन पन्नासचं फाटक

५ मार्च १९६६, शनिवार

शेवटची गाडी गेली. धुक्याच्या दिवसांत रुळांवर ठेवतात तसले फटाके ठेवले होते— तोफेसारखे वाजले! इंजिनाच्या तोंडावर फुलांचं चक्र, मयताला ठेवतात तसलं. वीस वर्षांत जे गाडीत चढले नाहीत ते आज तिकीट काढून रडत होते. ढोंगी मेले.

बाबांनी फाटक लावलं, गाडी गेली, फाटक उघडलं. एकेचाळीस वर्षं हेच केलं. आज कुणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

७ मार्च, सोमवार

बरोबर तीन पन्नासला, दुपारच्या गाडीच्या वेळेला, बाबा उठले, टोपी चढवली, रस्त्यावर फाटक लावून उभे! गाडी नाही, काही नाही. बसवाला सिरिल खिडकीतून ओरडला, "काय ॲमोसकाका, गाडी लंडनहून तरी निघाली का?" मागचे सगळे हसले. बाबांनी पाच मिनिटांनी उघडलं. मी शरमेनं मेले.

११ मार्च

रोज. रोज!

१९ मे

नगरपालिकेचा माणूस आला. स्टेशनच उरलं नाही तर स्टेशन रोड कसला, म्हणे. रूळ यायच्या आधी इथून हंसांचे कळप बाजाराला हाकत, म्हणून रस्त्याचं नाव गूज लेन, म्हणजे हंसगल्ली, होतं. तेच परत देणार. वर रस्ता रुंद करणार— खाणीचे ट्रक इथूनच जातील. मी विचारलं, आणि आमचं हे रेल्वेचं घर? "सध्या राहा की, बाई." सध्या!

बाबा मधेच, "फाटकाचं काय?" तो म्हणाला, "आजोबा, कशाला हवंय आता?" बाबांना काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, आत जा, चहा गार होतोय. कुणाकुणासमोर शोभा करून घ्यायची?

१२ सप्टेंबर, सोमवार

रूळ उखडून नेले. नुसती खडी उरलीय. तरी फाटक लागलंच. शाळेतून घरी जाणारी पोरं समोरून रस्ता ओलांडताना ओरडतात, "आजोबा, गाडी आली, पळा!" त्यातली शेजारच्या मिसेस पिमची जोसी तेवढी बाबांच्या हातावर चोखलेली गोळी ठेवून जाते. बाबा ती खातात. शी!

३ ऑक्टोबर, सोमवार

फाटकाची लाकडं करवतीनं कापून नेली. मला वाटलं, सुटले एकदाची. तीन पन्नासला बघते तर म्हातारा भर रस्त्यात, हातात लाल बावटा! ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि आईवरून शिवी हासडली.

६ ऑक्टोबर

पोलीस आला. टोपी काढून, गोड बोलून. "मेव्हिसबाई, वडील परत रस्त्यावर दिसले तर डॉक्टरांना सांगावं लागेल. मग नेतील तिकडे." तिकडे म्हणजे टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात. तिथून कोण परत आलंय? माझ्या आईची बहीण गेली ती गेलीच.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. घास ठेवून म्हणाले, "मेव्हिस, तीन पन्नासला—" मी म्हटलं, पुरे! तीन पन्नासचं नाव काढू नका माझ्यासमोर!

मी काय करू? रेल्वे मला विचारून गेली नाही. रस्त्याचं नाव मला विचारून बदललं नाही. आता बापही मला न विचारता नेतील.

१० ऑक्टोबर, सोमवार

साडेतीनला बाबांच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. नाइलाज आहे. दार ठोकतायत. मी रेडिओ मोठा केलाय. ठोकू देत. चार वाजले की थांबतील.

११ ऑक्टोबर

काल चारला सात-आठ मिनिटं कमी असताना फाटकाच्या जागी ट्रकनं जोसीला उडवलं. अजून शुद्ध नाही.

सकाळी बाबांना चहा दिला. घेतला नाही. म्हणाले, "गाडी येत नाही ते मलाही दिसतं, पोरी. शाळा पावणेचारला सुटते."