हेझलचं पत्र

मोंटाना,
दि. ३ सप्टेंबर २०१८

चि. रोवीना हिस,
अ. उ. आ.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते तू मागच्या पत्रात शिताफीने टाळलंस. डॉक्टरकडे गेली नसशील, हे मी इथे बसून सांगते. माझं कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय, तेव्हा फोन करू नकोस. पत्रच लिही.

सोबत आपल्या लेलंडचं पुस्तक पाठवतेय, 'डिंकाची बोटं'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सफरचंदं भरायच्या शेडमध्ये राबणाऱ्या बायांची पत्रं आहेत. इथल्या ग्रंथालयात ते दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवलंय आणि मी काही ना काही निमित्त काढून रोज बघून येते. त्यातलं हेझलचं पत्र वाचून मला रडू आवरेना. नवरा युद्धावर, ही तुमच्या खोऱ्यात सफरचंदं भरते आणि त्याला लिहिते की, दिवसभर फळांवर स्टिकर लावून बोटांना एवढा डिंक बसलाय, तुझ्या कपाळावर हात ठेवला तर सुटायचा नाही. माझ्या पोराने हे शोधून काढलं!

तूही त्या बायांचं काहीतरी जमवत होतीस ना? पाच-पाच वर्ग शिकवून तुला सवड कुठली म्हणा. लेलंड म्हणतो, रोवी हुशार होती, पण पोरांच्या चुका तपासण्यातच संपली. मी त्याला झापलं. हसत हसत झापलं, हेही कबूल करते.

जपून राहा. आठवण ठेव आणि डॉक्टरला पाय दाखव.

तुझी,
व्हर्नामावशी

---

याकिमा खोरे,
दि. १२ सप्टेंबर

ती. व्हर्नामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. बाकी काहीच बरं नाही.

तुझं पुस्तक येण्याआधीच ते माझ्या टेबलावर येऊन आदळलं होतं. ओफेलिया बारागान नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षं सफरचंदांच्या शेडमध्ये उभी राहिली आणि आता नातवाच्या आधी पदवी मिळवायची म्हणून हट्टाला पेटली आहे. ती पुस्तक आपटून म्हणाली की, बाई, तुमचं लबाड पत्र छापून आलंय.

मावशी, नीट वाच. नऊ वर्षं मी त्या बायांची पत्रं गोळा केली, आणि एकटीने नाही. दर सत्राला माझ्याकडे सव्वाशे विद्यार्थी. कुणी आजीची ट्रंक उघडली, कुणी शेजारणीचं कपाट. पत्रं आणली, उतरवली, तारखा जुळवल्या. जे मला दहा वेळा वाचून दिसलं नाही, ते रात्रपाळी करून आलेल्या एखाद्या पोराला दिसायचं. शिकवण्यामुळे माझं संशोधन मागे पडलं असं सगळे म्हणतात. ते वर्गाबाहेर झालंच नसतं.

आणि त्या गठ्ठ्यात दर सत्राला मी स्वतः लिहिलेलं एक खोटं पत्र घालायची. गोड लिहिलंय म्हणून खरं धरू नका, हे शिकवायला. हेझल नावाची बाई कधी नव्हतीच. एका रविवारी स्वयंपाकघरात बसून मी तिला लिहिली. त्रेचाळीस साली या शेडमध्ये फळांवर स्टिकर नव्हते, एकेक सफरचंद कागदात गुंडाळायचे. ओफेलियाने दोन वर्षांपूर्वी ते दहा मिनिटांत पकडलं होतं, कारण तिची सासू गुंडाळायची.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात टर्कीच्या जेवणाला आपण सगळे जमलो, तेव्हा लेलंडने तो गठ्ठा मागून घेतला. याचं पुस्तक कसं करायचं ते सांगतो म्हणाला. महिन्याने परत पाठवला, वर चिठ्ठी: हा नाद सोड, तू शिक्षिका आहेस, चांगली शिक्षिका हो. मी ऐकलं! पुस्तकाचा विचार बाजूला ठेवला, पत्रं फक्त वर्गात वापरत राहिले. त्याच्या पुस्तकातल्या सत्तर पत्रांपैकी एकसष्ट आमची आहेत. आभाराच्या पानावर, एका छोट्या कॉलेजातल्या मुलांनी टायपिंगला मदत केली, एवढंच. नाव कुणाचंच नाही. ना माझं, ना त्यांचं.

मी त्याला आमच्या ग्रंथालयात व्याख्यानाला बोलावलंय. सोळा ऑक्टोबर, दुपारी बारा. अगदी साखर घालून लिहिलंय, आणि हेझलचं पत्र तू स्वतः वाच अशी खास विनंती केली आहे. आधी सगळ्यांसमोर वाचू दे, मग माझे विद्यार्थी प्रश्न विचारतील. रागात पत्र लिहिलं तर एक दिवस थांबून मग टाका, असं मी वर्गात शिकवते. मी नऊ दिवस थांबले. राग तसूभरही उतरला नाही.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुझ्यापासून लपवून काही केलं नाही, म्हणून हे कळवलं. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रोवी

---

मोंटाना,
दि. २० सप्टेंबर

चि. रोवीना हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा घडी घालून ठेवलं. काय बाई भयंकर मन झालंय तुझं!

लेलंड चुकला असेल. नाही म्हणत नाही. पण ही अभ्यासक मंडळी एकमेकांचं घेतच असतात, असं तोच सांगतो. तू मला सांगायचंस, मी त्याचा कान धरला असता, पुढच्या आवृत्तीत तुझं नाव घालायला लावलं असतं. ते सोडून तू खड्डा खणून वर गवत पसरतेस, तेही माझ्या एकुलत्या एका पोरासाठी. तुम्हा दोघांना मी एकाच टेबलावर बसवून अक्षरं शिकवली आहेत. त्याला मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली आणि तुला नाही, हे तुझ्या मनात तेव्हापासून सलतंय, दुसरं काही नाही.

चौतीस वर्षं मी शाळा चालवली. चोरी करणारी पोरं मलाही भेटली. एकालाही वर्गासमोर उभं केलं नाही. बाहेर पायरीवर नेऊन विचारायचे. तूही त्याला पायरीवर ने. एवढं माझं ऐक.

रागावले असले तरी तुझीच,
व्हर्नामावशी

---

दि. १ ऑक्टोबर

प्रिय रोवी,
स. न. वि. वि.

तुझं आमंत्रण वाचून फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, तू जरा फुरंगटून बसशील. तुझं मन मोठं आहे.

सोळा तारखेला नक्की येतो. वाटेत आईकडे दोन दिवस मुक्काम करीन. हेझलचं पत्र अर्थातच वाचेन, लोक दुसरं काही ऐकायलाच तयार नसतात. तुझ्या मुलांना झेपेल असं सोपं बोलेन, काळजी करू नकोस. आणि प्रश्नोत्तरं थोडक्यात आटप. अशा ठिकाणी लोक फार लांबण लावतात.

भेटीअंती बोलूच.

तुझा,
लेलंड

---

याकिमा खोरे,
दि. २४ ऑक्टोबर

ती. व्हर्नामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पायरीचं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं मी टाळलं, कारण तुझं ऐकायचं नाही हे ठरलेलं होतं.

काय झालं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये. दीडशे खुर्च्या भरल्या होत्या. मला एक वर्ग कमी द्या म्हणून मी दोनदा अर्ज केला, तेव्हा संशोधन हे या कॉलेजचं काम नाही म्हणणारे आमचे डीन पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. लेलंडने हेझलचं पत्र वाचलं. छान वाचलं. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं आणि दोघी-तिघींनी डोळे टिपले.

मग वेल्डिंग शिकणाऱ्या एका पोराने हात वर केला आणि विचारलं, की मूळ पत्र पेनाने लिहिलंय की पेन्सिलने. लेलंड म्हणाला, पेनाने. दुसरीने विचारलं, कागद रेघांचा होता का. तो म्हणाला, असेल. ओफेलिया उठली. पत्र कुणी दिलं विचारलं. तो म्हणाला, हेझलच्या घरच्यांनी. त्यांचं आडनाव काय म्हणाली. तो पाणी प्यायला आणि अशी नावं जाहीर करता येत नाहीत म्हणाला. तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की, साहेब, त्या काळी फळं कागदात गुंडाळायचे, स्टिकर कुठून आले? तो हसला. एखादी शेड काळाच्या पुढे असेल, म्हणाला. मग तिने पिशवीतून तिचा दोन वर्षांपूर्वीचा गृहपाठ काढला आणि मोठ्याने वाचला. खाली लाल शाईत माझा शेरा होता: शाब्बास, हेझल खोटी आहे, मीच लिहिली.

लेलंडने माझ्याकडे बघितलं. लहानपणी तळ्यावरचा बर्फ फुटून तो कमरेपर्यंत आत गेला होता ना, तेव्हा असाच बघत होता. तेव्हा मी धावले होते. या वेळी मी पेनाला टोपण लावलं आणि बसून राहिले.

तुला वाटत असेल, मला पश्चात्ताप झाला असेल. नाही झाला. गाडीत मी मोठ्याने गाणी म्हणत घरी आले. दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला सगळे कागद पाठवले.

पण पुढचंही सांगते. जोअ‍ॅन टॅकेट त्या दिवशी मागच्या रांगेत होती. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या आईची अकरा पत्रं आमच्याकडे होती. शुक्रवारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली की, माझ्या आईच्या पत्रांत तू तुझ्या कल्पनेतली बाई घुसवलीस, आता माझी आई खरी की खोटी हे परक्या माणसांनी ठरवायचं का? लेलंडबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पत्रं मागितली, मी दिली. तिच्यामागोमाग आणखी चार घरांनी नेली. माझं पुस्तक आता होणार नाही. सोमवारी पाचही वर्ग घेतले. पोरं मला शूर समजत होती, आणि मी त्यांना जोअ‍ॅनचं सगळं सांगितलं. ओफेलियाने फळा पुसला.

तू काहीही लिही, पण लिही.

तुझी,
रोवी

---

मोंटाना,
दि. ४ नोव्हेंबर

चि. रोवीना हिस,
अ. उ. आ.

पुस्तकाची विक्री थांबली. विद्यापीठाने चौकशी लावली आहे. ग्रंथालयातल्या बाईने काचेचं कपाट रिकामं केलं आणि मला बघून उगाच हवेबद्दल बोलली. लेलंडने मला कळवलेलं नाही. हे मी वर्तमानपत्रात वाचलं.

आता माझं ऐक. तो तुझ्याकडे येण्याआधी दोन दिवस इथे होता. त्याला सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. जेवायला बसलो तेव्हा पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, की बाळा, या हेझलचा कागद तू स्वतः बघितलास का? खरं बोलायला जागा दिली होती मी त्याला. पायरीवरच नेलं होतं. तो हसून म्हणाला की, आई, तू चिमुरड्यांना अक्षरं गिरवायला शिकवलीस, हे तुझ्या आवाक्यातलं नाही. आणि वर रोवीलाही ते कधी कळलं नाही, म्हणाला.

मी उठले आणि त्याला 'अ‍ॅपल पाय'चा आणखी एक तुकडा वाढला. दुसरा अख्खा दिवस तो घरात होता. निघताना त्याला सँडविच बांधून दिली, कोटाची कॉलर सारखी केली आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात हलवला. सावध केलं नाही. तू सभागृहात बसून राहिलीस, मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले. हे लिहून ठेवते, म्हणजे सगळं तू एकटीने केलंस असा तुझा समज नको. तुझ्या मनाला भयंकर म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. तसलं मन तुझ्यात कुणाकडून आलंय ते मला कळलं.

जोअ‍ॅन टॅकेटच्या घरी जा. बोलावणं येण्याची वाट बघू नकोस. तिने दार लावलं तर पुन्हा जा.

यंदा टर्कीच्या जेवणाला मात्र इथे येऊ नकोस. लेलंडलाही बोलावलेलं नाही. टेबलाशी तुमच्यापैकी कुणाच्याही समोर बसायची माझी अजून तयारी नाही. पुढच्या वर्षी जगले-वाचले तर दोघांना एकदमच बोलावीन, आणि दोघांनी यायचं.

माया आहे तेवढीच आहे. तोंड मात्र इतक्यात दाखवू नकोस.

तुझी,
व्हर्नामावशी