केसरीनाथ, आपली उत्तरं जुळली

भिवंडी, मंगळवार

केसरीनाथशेठ यांस (रुसलो आहे, म्हणून शेठ) हाशिमचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? कमळवहिनींची साखर उतरली का? आम्ही इकडे ठीक. म्हणजे ठीक नाही, पण ते पुढे.

निवडणुकीपासून आपण एकमेकांशी बोलत नाही, म्हणून हे पत्र. परवा अंजूरफाट्याच्या हॉटेलात आपण पाठीला पाठ लावून चहा पीत होतो (तुला वाटलं मी पाहिलं नाही, पाहिलं), तेव्हा तुझी नात उन्नती कॉलेजचा सर्व्हे घेऊन आली. आधी मला विचारलं. तू जे म्हणशील त्याच्या नेमकं उलट सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण तू काय म्हणशील याचा अंदाज करता करता खरी उत्तरंच तोंडातून निघाली, आणि तीही पॉवरलूमवाल्याच्या आवाजात, अख्ख्या फाट्याला ऐकू जातील अशी. दवाखाना सरकारीच हवा, औषध फुकट हवं. चोराला मात्र भर चौकात फटके. लूमला वीज स्वस्त, गोदामांना टॅक्स पुरेपूर. पोरींना जमिनीत वाटा द्या, पण लग्न आईबापांना विचारून. मग ती तुझ्याकडे वळली. तू मुद्दाम हळू बोललास. पण लूमच्या खडखडाटात आमचा जन्म ओठांवरून बोलणं ओळखण्यात गेला, आणि बाजूच्या गल्ल्यामागच्या आरशात तुझे ओठ स्वच्छ दिसत होते. गोदामांच्या टॅक्सवर जरा खोकलास (तुझी स्वतःची दोन आहेत), बाकी सगळं तेच. फटक्यांसकट! हॉटेलवाला तोंडाला फडकं लावून हसत होता.

शेवटी पोरीने विचारलं, "आजोबा, तुम्ही दोघं डावे की उजवे?" मी ओरडलो डावा, तू ओरडलास उजवा, आणि अर्धा चहा टाकून दोघंही तरातरा निघालो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. घरी तुझ्या जाहिदाभाभीला सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, "मग भांडलात कशावरून?" केसरी, फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

आपला (सवयीने लिहिलं, अर्थ काढू नये),
हाशिम

ता. क. मी नरम पडलो असं समजू नये. मत मी माझ्याच बाजूला देणार, तू तुझ्या.

आणखी एक. शुक्रवारी नमाजानंतर भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. सगळे लूम विकले. फहाद म्हणतो, "अब्बा, तुम्ही घरीच थांबा." पहिला लूम बसवला तेव्हा नारळ तू फोडला होतास, मी नुसता शेजारी उभा होतो. शुक्रवारी तूही ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता शेजारी उभा राहा.