पाण्याची चावी माझ्याकडे आहे

शिक्रापूरजवळून

प्रिय फेथताई,

दौंडला सगळ्यांना माझा प्रेमाचा सलाम. मी आणि जोनाथन बरे आहोत. गल्लीत दोघांना करोना निघाला म्हणून ग्रामपंचायतीने गल्लीची दोन्ही तोंडं बांबूंनी बंद केलीत, एवढंच. काळजी करू नकोस. तुझ्या गुडघ्याचं तेल मिळतंय ना?

पण ताई, फार संताप होतो. अख्ख्या वाडीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आमच्याच गल्लीत आहे आणि तो उघडणाऱ्या गेणबांनाच आत यायला बंदी! कालपर्यंत तीन दिवस कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. शेजारी बाळंतीण आहे, तिच्या बाळाचे कपडे धुवायलाही तांब्याभर पाणी उरलं नव्हतं.

ग्रामसेवक बांबूंपलीकडून म्हणतात, "मॅडम, तालुक्याहून परवानगी आली की बघू. हात मात्र सारखे धुवा."

"कशाने धुवू? तुमच्या भाषणाने?" मी विचारलं.

शेवटी काल गेणबाच आले. "बाई, परवानगी यील तवा यील. चावी फेकतो, तुम्हीच फिरवा. पायावर घिऊ नका म्हंजी झालं!"

ती लांब लोखंडी चावी मीच फिरवली. मिशनच्या आवारातल्या हापशाला आपण दोघी लोंबकळायचो ना, तसाच जोर लावला. पाणी आलं तशी बाळंतीण रडायलाच लागली.

आज गाडीवरच्या भोंग्यातून जाहीर झालं, "पंचायतीने पाणीपुरवठा सुरळीत ठेवला आहे." आत्ता ग्रामसेवक चावी मागायला आले होते. मी सांगितलं, तालुक्याहून परवानगी आली की बघू.

प्रभू तुला सांभाळो.

तुझी धाकटी,
हेलन